साहेबाच्या वाटेवरची शीळ

दीडशे वर्षांपूर्वी एक गोरा निसर्गअभ्यासक ताम्हिणीतून गेला होता, म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्हीही त्याच वाटेने निघालो, एसी बसने. साहेबाने दिसेल तो पक्षी गोळी घालून पाडला आणि पेंढा भरून मायदेशी धाडला, तरी आमच्या म्होरक्याच्या लेखी तो संतच. दरीच्या काठावर म्होरक्याने साहेबाचं पुस्तक पोथीसारखं वाचायला घेतलं. कस्तूर पक्ष्याच्या शिळेचं वर्णन आलं आणि नेमकी तेव्हाच खालच्या झाडीतून लांबलचक, गोड शीळ आली. म्होरक्या भडकला.

"फोन बंद ठेवा म्हणून किती वेळा सांगायचं?"

गळ्यात दुर्बिणी मिरवणाऱ्या सगळ्या पंडितांनी मुकाट्याने रेनकोटाचे खिसे चाचपले. तेवढ्यात शीळ थांबली. "थँक यू," म्हणत म्होरक्याने तिचं वर्णन पुन्हा पहिल्यापासून वाचलं.