देवबागची पायपेटी आणि हेंककाका

हेंककाकांना कोकणात न्यायचं ठरवलं तेव्हा नवरा म्हणाला, "त्यांना उकाडा झेपणार नाही आणि तुला त्यांचं उतरलेलं तोंड झेपणार नाही." दोन्ही खरं होतं. पण मी एकदा मनावर घेतलं की घेतलं.

हेंककाका म्हणजे हॉलंडमधले माझे घरमालक. नोकरीसाठी तिथे होते तेव्हा मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचे. ते गावातल्या चर्चचे ऑर्गनवादक. आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन नव्हे हं. हा दुमजली घराएवढा, भिंतभर नळ्यांचा. हातांनी वाजवायचा आणि पायांनीही, कारण खालच्या पट्ट्यांतून खर्जाचे सूर निघतात. त्यांचे वडीलही तिथेच वाजवायचे आणि छोटे हेंक मागे उभे राहून भाता मारायचे. पुढे मोटर आली, काका बाकावर बसले, जर्मनीपर्यंत कार्यक्रम करून आले. पण रविवारी हजर आपल्याच चर्चमध्ये. घरच्या आठवणीने मला रडू फुटायचं तेव्हा शेजारी बसवून घ्यायचे. त्या रविवारांनी मला तिथे तगवलं.

मग चर्चमध्ये माणसं येईनाशी झाली. चर्च विकलं, तिथे कॅफे आला, ऑर्गन सुटा होऊन परदेशी गेला. त्यानंतर काकांनी कुठल्याच वाद्याला हात लावला नाही. मला त्यांना एकदा तरी पुन्हा ऐकायचं होतं. सरळच सांगते, सहल हे निमित्त होतं.

काका पुण्याला आमच्याकडे आले आणि आम्ही पहाटे निघालो. निपाणी, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, मालवण. गाडी नसेल तर रेल्वेने कुडाळला उतरा, पुढे एसटी किंवा रिक्षा. तारकर्लीनंतर रस्ता इतका चिंचोळा की समोरून टेम्पो आला तर कुणीतरी मागे जायचं, आणि ते बहुतेक आपणच. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र. हेच देवबाग. इथे सुनंदावहिनी घरातच पाहुणे ठेवतात; खोली दिवसाला दीड हजार, जेवण वेगळं. बांगड्याचं तिखलं खाऊन काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी ताट पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी मालवणहून होडीने समुद्रातल्या किल्ल्यावर गेलो. काका तटावर बसून म्हणाले, "आमचा देशही असाच समुद्राला भिंत घालून बसलाय."

वहिनींच्या सासऱ्यांना सगळे भाऊ म्हणतात. ते दशावतारात पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायची पेटी, वाजवतात. मला हे आधीच ठाऊक होतं, म्हणूनच तर हे घर निवडलं. जत्रा तोंडावर आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पडवीत पेटी पुसत होते. वाजवा ना, म्हणून मी काकांना लाडीगोडी लावली, पण त्यांनी नकारार्थी मान हलवली. "माझं झालं वाजवून," म्हणाले. मला रागच आला.

"ऱ्हवांदे गो," भाऊ मला म्हणाले. "माजे गुडगे ऐकनत नाय. तेंका सांग, वायच भातो मारा."

मी सांगितलं. काका उठले, भाऊंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि पायाने भाता मारू लागले. भाऊंनी चाल धरली. तिची लय चढली तसा काकांचा पायही चढला, उतरली तसा उतरला. काकांचा चेहरा बघवत नव्हता, इतका लहान पोराचा झाला होता.

मग भाऊ बाजूला सरकले. "आता तुमी."

काकांनी हात ठेवले. सूर उमटला, भरला, आणि त्यांचे दोन्ही पाय सवयीने खर्ज शोधायला निघाले. भाता थांबला, वारा तुटला, सूर विरून गेला. पुन्हा बसले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उठलेच.

"आयुष्यभर वारा दुसऱ्याने दिला," ते हळूच म्हणाले. मी मालवणीत जमेल तसं सांगितलं.

भाऊ पेटीवर फडकं टाकत म्हणाले, "पाय बसाक येळ लागता. माका पण लागलो."

परतीच्या वाटेवर मी घाटभर रुसून बसले. कुणावर, ते विचारू नका. काका हॉलंडला गेले. पिशवीतलं आमसूल संपत आलं, वाळू गाडीच्या पायपुसण्यांतून अजून निघते आहे. आठवतात ते मात्र एका पेटीपाशी खुर्च्या भिडवून बसलेले दोन म्हातारे.

मागच्या आठवड्यात काकांनी फोनवर ध्वनिमुद्रण पाठवलं. त्यांच्या गावच्या वृद्धाश्रमात कोपऱ्यात एक जुनी पायपेटी पडून होती, म्हणे. सुरुवातीला पायट्यांची कुरकुर, मग भाऊंचीच चाल, थोडी चर्चच्या वळणाने. आता वारा तुटेल, आता तुटेल, म्हणून मी श्वास धरून ऐकत राहिले. तो शेवटपर्यंत तुटला नाही. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

ते मी वहिनींना पाठवलं. संध्याकाळी भाऊंचा निरोप आला: "बसलो पाय. आता जत्रेक येवक सांग."

मी काकांसाठी विमानाची तिकिटं बघते आहे. या वेळी नवरा काही बोललेला नाही.