विहिरीत मासे सोडणाऱ्या बाई

"बघून ठरवू," असं म्हणत बाई पदर कमरेला खोचायच्या, चपला दवाखान्याच्या पायरीवर काढायच्या आणि अनवाणीच वाडीच्या वाटेला लागायच्या. मागून त्यांची बॅग घेऊन मी.

परदेशात राहून आलेला माणूस कसा असतो, याची आपल्या सर्वांच्या मनात एक कल्पना असते. बाईंनी ती पहिल्याच दिवशी मोडली. स्वातंत्र्यानंतरची सुरुवातीची वर्षं होती. मी वसईच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. बाई नुकत्याच डॉक्टर झालेल्या, आणि जगाच्या आरोग्याचं धोरण ठरवणाऱ्या युरोपातल्या एका कचेरीत उन्हाळाभर उमेदवारी करून परतलेल्या.

"तिथं ठेवून घेत नव्हते का?" मी एकदा विचारलं.

"घेत होते. शेवटच्या दिवशी साहेबांनी टेबल-खुर्चीसुद्धा दाखवली. मी म्हटलं, उन्हाळाभर हिवतापावर लिहिलं. आता तो जातो का, ते बघायला घरी जाते."

घर वसईजवळच्याच गिरीज गावी. वडिलांची, म्हणजे आबांची, केळीची वाडी. गावात घरोघरी हिवताप, आणि डास वाढायचे विहिरींत. विहिरी झाकाव्यात तर रहाट बंद, रहाट बंद तर केळी वाळणार. म्हणून बाईंनी डासांच्या अळ्या खाणारे बारके मासे विहिरींत सोडायचं ठरवलं. पहिली विहीर आबांची.

"या पाण्यानं आम्ही देव धुतो," आबा म्हणाले. "डबक्यातले मासे इथं नकोत."

"आपल्या विहिरीत नाही सोडले, तर दुसऱ्याच्या विहिरीत कोणत्या तोंडानं सोडू?"

आबा उठून वाडीत निघून गेले. बाईंनी बादली विहिरीत उपडी केली, आणि जमलेल्या बायकांसमोर त्या तेच पाणी शेंदून प्यायल्या. "विलायतेत जाऊन पोर बाटली," कुणीतरी पुटपुटलं.

आबांनी अबोला धरला. स्वतःपुरतं पाणी ते शेजाऱ्याच्या विहिरीवरून आणू लागले. वाडीतल्या केळींशी बोलायचे, लेकीशी नाही. बाई मात्र रोज त्यांच्या पाठीला सांगायच्या, "आबा, आज अळ्या कमी दिसल्या." मग ताक पिऊन पुढच्या विहिरीकडे.

पावसाळा सरला. दरवर्षी तेव्हा घरं कुडकुडायची. त्या वर्षी आबांच्या घरात कुणी अंथरूण धरलं नाही. शेजाऱ्याकडे मात्र तिघं पडले. शेजारी मासे मागायला आला. बाई उठणार, तोच आबा म्हणाले, "बस तू. दमलीस. मी देतो."

त्या संध्याकाळी बाई पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या, आणि लगेच तोंड धुऊन आल्या.

पुढे त्यांना हिमालयाच्या पायथ्याला, तराईच्या जंगलात हिवतापाच्याच कामावर बोलावलं. तिथं नदी ओलांडताना जीप उलटली. बाई परत आल्या नाहीत.

तेराव्यानंतर आबा दवाखान्यात आले. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"पलीकडच्या उमेळे गावाच्या विहिरी राहिल्यात ना?"

"राहिल्यात."

"मग चल."

दवाखान्यामागच्या हौदात बाईंनी वाढवलेल्या माशांची बादली त्यांनी माझ्या हाती दिली नाही. पाणी हिंदकळू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरून ते माझ्यापुढे चालत राहिले.