चांदबीचे पदरचे निरोप

बीबी गावच्या चांदबीचा नवरा गफ्फार कापूस पिंजायचा आणि ती रजया भरायची. मुलं दोनच. थोरला अजहर सुलतानपुरात दुकान चालवायचा, धाकटी मलिहा लग्न होऊन मेहकरला गेलेली. भाऊबहीण एकमेकांना फोन करत नसत. करायची गरजच काय? अम्मी होती ना!

अजहरनं ‘मलिहा बरी हाय ना’ एवढंच विचारलं, की चांदबी मलिहाला सांगे, “भाई तुही लय काळजी करून राह्यला.” मलिहा नुसतं ‘हं’ म्हणाली, की अजहरला बहिणीचा सलाम पोचे. पदरचं घालून गोडवा वाढवण्यात बाई तरबेज. यात खोटं कसलं, उलट सवाबच, पुण्यच, असं तिचं म्हणणं.

ईदला दोघं घरी आली. शिरखुर्मा खाता खाता मलिहा म्हणाली, “भाई, तू गुडघ्यासाठी तेल पाठवलं, लय आराम पडला.”

“कोनतं तेल?” अजहरनं विचारलं.

तेल अम्मीनंच घेऊन त्याच्या नावानं पाठवलं होतं. मलिहाचे डोळे भरले. “म्हंजे भाईनं मले कधी विचारलंच नाही?”

चांदबीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण डोळे मिटले की ही दोघं परकी होणार, हे तिला लख्ख दिसलं. गफ्फार तेवढं म्हणाला, “मधात बसून तूच दोघायले दूर ठेवलं.”

मलिहासाठी भरलेली रजई उलटवायची राहिली होती. उलट्या खोळीवर कापूस पसरून गुंडाळी करायची, मग एकानं धरायचं, दुसऱ्यानं ओढायचं. एकट्याचं ते काम नव्हे. “तुमी दोघं उलटवा, मी मधात येत नाही,” म्हणून चांदबी शेजारी जनकाबाईकडे जाऊन बसली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज चढले.

“तूच ढील देली!”

“तूच वढलं काऊन जोरानं?”

निवाडा करायला चांदबीची जीभ वळवळत होती. तिनं ती दाताखाली धरली. रजईचा सगळा कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला. मलिहा तीच रजई, तशीच, मेहकरला घेऊन गेली.

पुढं हिवाळ्यात मलिहाचा फोन आला. “भाईले ताप होता, आता बरा हाय. मी चार दिवस सुलतानपूरलेच होती. अम्मीले सांगू नको म्हणे भाई, उगाच धावत येईल.”

पोटच्या पोराचा ताप, आणि आईला सगळ्यांत शेवटी खबर! चांदबी गफ्फारवर तणतणली आणि तणतणतानाच पदरानं डोळे पुसू लागली.

“आता मले कोनी काहीच सांगत नाही,” हे तिनं संध्याकाळपर्यंत हसत हसत अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं.