गुळाच्या काट्यावरचा पैलवान

माझा थोरला भाऊ आधी तालमीत रमला आणि नंतर गुत्त्यात. सत्तरच्या दशकात त्याच्या यकृताने हात टेकले आणि पोटात पाणी साठलं. दोनदा सुईने काढलं, दोन्ही वेळा पंधरवड्यात पुन्हा भरलं. मग डॉक्टरांनी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या दिल्या. मीठ बंद आणि रोज सकाळी वजन. दिवसाला अर्धा किलो उतरायला हवं. भराभर उतरलं तर मूत्रपिंडं बसतील, उतरलंच नाही तर पुन्हा सुई. "तिसरी सुई याला झेपेल असं वाटत नाही," ते म्हणाले.

घरात काटा नव्हता. समोरच्या अडत्याकडे गुळाच्या ढेपा तोलायचा मोठा काटा होता. सकाळी सातला, लघवी झाल्यावर, मी दादाला त्यावर उभा करी. मी फाउंड्रीत भांडार सांभाळायचो. माल तोलला की आकडा आधी मोठ्याने पुकारायचा, मग लिहायचा, ही आमची शिस्त.

"शहाऐंशी!" पहिल्या दिवशी मी पुकारलं. सहा दिवसांनी, "त्र्याऐंशी!"

मी खूश झालो. गल्ली हादरली. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात एक माजी पैलवान, आणि वजन उतरणं म्हणजे तिरडीची तयारी.

"काय रं धाकट्या, सा दिसांत तीन किलो? भावाला उपाशी मारतोस व्हय?"

"पाणी आहे ते."

"पाणी न्हाय, ताकद हाय ती!"

पुढच्या आठवड्यात वजन चढलं. चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी. मी वजनं ठेवून काटा तपासला, बरोबर. गोळ्या मोजल्या, बरोबर. मिठाची बरणी माझ्याच कुलपात होती आणि सगळं घर अळणी जेवत होतं. वहीत मिठाचा रकाना होता, त्यात नुसती शून्यं. डॉक्टर ती पाहून म्हणाले, "परवापासून गोळ्या दुप्पट करून बघू. मूत्रपिंडांचं काय होईल, सांगता येत नाही."

त्या दिवशी कामावरून लवकर परतलो. दादाच्या खाटेभोवती तालमीतले तिघे, मध्ये किटली, किटलीत मटणाचा पांढरा रस्सा.

"ह्यात मीठ न्हाय," एकजण म्हणाला.

मी चाखला. समुद्र बरा.

"चवीपुरतं हाय की! तुझा डॉक्टर पुण्याचा, त्याला रश्श्यातलं काय कळतंय?"

मी वही उघडून आकडे दाखवले. तिघांनी वहीकडे पाहिलं आणि दादाची वाटी पुन्हा भरली.

ते गेल्यावर दादा तोंड पुसत म्हणाला, "तू सकाळी आकडा वरडतोस. आकडा उतरला की संध्याकाळी किटली येती. मी मागतोय व्हय?"

म्हणजे त्या शून्यांच्या रकान्यात मीठ मीच घालत होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून दुप्पट गोळ्यांना आठवड्याची मुदत मागून घेतली. वहीत लिहिलं पंच्याऐंशी, पुकारलं "सत्याऐंशी!" मग "अठ्ठ्याऐंशी!" आयुष्यात खोटे आकडे मी तेवढेच पुकारले. चौथ्या दिवशी "नव्वद!" झालं आणि त्या तिघांतला थोरला पैलवान रिकाम्या हातांनी आला. "आता रस्सा बास. लई सुटलाय गडी."

महिन्याभरात दादा वहीत चौऱ्याहत्तर होता आणि गल्लीत ब्याण्णव. गोळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या, सुई लागली नाही. पोट बसलं होतं, धोतराला एक वेढा जास्त बसत होता. काट्यापुढे रोज सात-आठ पैलवान उभे असत. अंग बघून वजन सांगण्यात त्यांची हयात गेलेली.

"बघ धाकट्या," तो थोरला पैलवान म्हणाला, "आमच्या रश्श्यानं कसं अंग धरलंय!"

"व्हय की," काट्यावरून दादा म्हणाला.