विहीणबाईंची लाल दाढ

नारीनच्या सरकारी दवाखान्यात बुरुलायबाईंनी उभा जन्म दाढांत घातला. हत्यार हातात घेताना ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हणायच्या आणि मग खुर्चीतल्या माणसावर खेकसायच्या, "आ कर नीट. घोडा तरी लगाम घालताना यापेक्षा मोठा आ करतो." गावातले अर्धे लोक मोठ्यानं हसले की मागची एखादी दाढ तांबडी दिसायची. ती बाईंच्या हातची खूण.

त्या फ्रुन्झेला, म्हणजे आताच्या बिश्केकला, शिकल्या तेव्हा रूट कॅनॉल म्हणजे हेच होतं. दाढेची मुळं वाकडी, हातातल्या सुया जाड, आणि बाहेर बाकांवर गाल धरून बसलेली रांग. मुळाच्या टोकापर्यंत साफ करायला सवड कुणाला? निघेल तेवढी नस काढायची आणि उरलेल्यावर रिसॉर्सिन आणि फॉर्मॅलिन ही औषधं कालवून भरायचं. नाकात झोंबणारा वास सुटायचा. मिश्रण आत काचेसारखं कडक व्हायचं, राहिलेली नस जागच्या जागी वाळून जायची. दाढ तेवढी लाल व्हायची, म्हणून पुढच्या दातांना ते कुणी लावत नसे. काहींच्या दाढा वर्षानुवर्षं गप्प राहिल्या. काहींच्या आतून सडल्या, त्या उपटल्या. कुणी तक्रार केली नाही. तेव्हा दुसरं काही नव्हतंच.

मग दवाखान्यात नवं यंत्र आलं. बारीक लवचीक सुया स्वतःच फिरवणारी मोटर, मुळाची लांबी दाखवणारा डबा, आणि भरायला गट्टापर्चाच्या रबरासारख्या काड्या. ते शिकायला बाईंना बिश्केकला पाठवलं. वर्गात सगळ्या लेकीच्या वयाच्या मुली. एल्नुरा नावाच्या एकीनं विचारलं, "आपा, तुम्ही लाल दाढांच्या जमान्यातल्या ना?" सगळ्या हसल्या. बाईही हसल्या, पण कानशिलं तापली ती संध्याकाळपर्यंत निवली नाहीत. शिकवणाऱ्या डॉक्टरांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. लाल दाढ दुखत नसेल तर तिला हात लावू नका. आत काच आहे, सुई मोडेल. बाईंना हे वेगळं सांगायला नको होतं. ती काच त्यांनीच तर भरली होती.

आणि तरीही घडायचं ते घडलं.

बाईंची लेक ऐचुरेक आत-बाशी गावात दिलेली. तिची सासू तोक्तोबूबू बाजारासाठी नारीनला आली की दवाखान्यात चहाला डोकवायची. तिच्या उजव्या बाजूची एक दाढ बाईंनीच भरली होती, दोघींची सोयरीक व्हायच्या किती तरी आधी.

"विहीणबाई, नवं यंत्र आणलंय म्हणे," तोक्तोबूबू म्हणाली. "माझ्या दाढेलाही दाखवा की त्याचं तोंड. बिचारी म्हातारी झाली नवं काही न बघता."

"दुखते का?"

"छे! दगड फोडते."

इथे बाईंनी नको म्हणायला हवं होतं. पण दोन नर्सा दारात उभ्या होत्या, विहीण कौतुकानं बघत होती, आणि बिश्केकचं ते हसणं अजून कुठेतरी रुतून बसलं होतं. "बसा," बाई म्हणाल्या.

पहिल्या मुळात सुई निम्म्यापर्यंत गेली. लाल भुगा वर आला. दुसऱ्या मुळात मोटरचा आवाज बदलला, बाईंनी हात मागे घ्यायच्या आत कट्ट झालं. सुई बाहेर आली ती टोक आत ठेवून. एक्स-रेत मुळाच्या वळणावर पांढरी रेघ स्वच्छ दिसली. नर्सनं फोटोकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग खिडकीबाहेर. बाईंनी वरून सिमेंट भरलं. "झालं. थोडं ठणकेल."

"हात आहे की जादू!" तोक्तोबूबू बधिर ओठांनी म्हणाली.

त्यानंतर बाईंना स्वतःशी नजर मिळवता येईना. नमाजाला कपाळ टेकलं की ते उचलावंसं वाटायचं नाही. सांगावं तर विहिणीला काय सांगायचं? मिरवण्यासाठी तुमची धड दाढ बिघडवली म्हणून? आपली लेक त्या घरात नांदते. उद्या तिला ऐकावं लागेल.

पुढे नातू पाऊल टाकायला लागला आणि आत-बाशीहून पहिल्या पावलांच्या समारंभाचा सांगावा आला. बाळाच्या पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीचा दोरा बांधला, पोरांनी शर्यत लावली, तीत पहिल्या आलेल्या पोरीनं दोरा कापला. बाळ दोन पावलं चाललं आणि बसलं. मग पंगत. तोक्तोबूबूनं मेंढीच्या शेपटाजवळचा मानाचा तुकडा बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या विहीणबाईंसारखी डॉक्टर बिश्केकातसुद्धा नाही."

बाईंनी हातातला तुकडा ताटात ठेवला. त्यांचं लक्ष विहिणीच्या जबड्याकडे होतं. ती नुसता रस्सा पीत होती, तोही डावीकडून.

शेजारच्या म्हातारीच्याही ते ध्यानात आलं. तिनं कुरुताचा, म्हणजे वाळवलेल्या खारट चक्क्याचा, टणक गोळा पुढे केला. "घे गं, तोक्तोबूबू. का नव्या यंत्रानं दात लोण्याचे केले?"

हशा झाला. तोक्तोबूबूनं गोळा घेतला आणि मुद्दाम उजवीकडे धरून फोडला. डोळ्यांतून पाणी आलं. "समोवाराचा धूर," ती म्हणाली. चहाचं पाणी उकळणारा समोवार बाहेर अंगणात होता.

जेवण आटपलं. पंगतीतल्या सगळ्यांत थोरल्या आजोबांनी दुवा मागायला हात उचलले, सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. बाईंचे हात मांडीवरच राहिले.

त्या उठून मागच्या कोठीत गेल्या. तोक्तोबूबू तिथे दुधाच्या थंड कॅनला गाल लावून उभी होती.

"विहीणबाई, तुमच्या दाढेत माझी सुई मोडलीय," बाई एका दमात म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"कसं?"

"दाढ माझी आहे ना? कट्ट झालेलं मला ऐकू येणार नाही तर काय शेजारणीला?"

"मग बोलला का नाहीत? वर सगळ्यांसमोर माझं गुणगान!"

तोक्तोबूबूनं गाल बदलला, मग परत तोच लावला. "तुमची लेक माझी सून आहे. तिच्या आईचं नाव मी चारचौघांत खाली घालू? वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल. तुम्ही तर पुढचा चहासुद्धा विचारला नाहीत."

बाईंना भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

त्याच आठवड्यात दोघी बिश्केकला गेल्या. मायक्रोस्कोपवर काम करणारी एकच जण बाईंना माहीत होती, ती एल्नुरा. तिनं फोटो उजेडात धरला आणि कपाळाला आठी घातली. "ही दाढ कुणी उघडली?"

तोक्तोबूबू आ वासलेल्या तोंडानं घाईघाईत म्हणाली, "गावात एक होता... गेला तो."

"मी उघडली," बाई म्हणाल्या. "दुखत नव्हती. तरी उघडली."

एल्नुरा हसली नाही. ती हसली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. तिनं पुष्कळ खटपट केली. मोडक्या तुकड्याच्या कडेनं वाट काढली, लाल काच कणाकणानं खरवडली, आत औषध ठेवलं. तरी एक मूळ शेवटपर्यंत उघडलं नाही. "टिकेल असं सांगत नाही, आपा," ती म्हणाली. ती टिकली नाही. बर्फ पडायच्या आधी पुन्हा सूज आली आणि दाढ काढावी लागली. ती काढायला तोक्तोबूबू नारीनला आली, बाईंच्याच खुर्चीत बसली आणि म्हणाली, "या वेळी सगळी काढा हं. आत काही ठेवू नका." बाईंना हसता आलं नाही.

थंडीत एक मेंढपाळ आला. आत-बाशीच्या पंगतीत बाईंचं कौतुक ऐकलेला. "बाई, माझ्या दोन लाल दाढा नव्या करून द्या."

"दुखतात?"

"नाही. पण लाल दिसतात. सून हसते."

"मग मी हात लावणार नाही."

"का? विहिणीची केलीत ना?"

दार उघडं होतं. बाहेर बाकावर माणसं होती, दोन्ही नर्सा होत्या.

"केली," बाई म्हणाल्या. "मिरवायला केली. सुई मोडली, लपवली, आणि शेवटी त्यांची दाढ गेली."

बाकावरच्या माना दाराकडे वळल्या. मेंढपाळानं टोपी डोक्यावर ठेवली. "मग यंत्र आणलं कशाला?" तो पुटपुटला आणि निघून गेला. बाईंचा चेहरा मानेपर्यंत लाल झाला होता. तो तसाच घेऊन त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.