बाल्टिमोरची पायरी

“चला, आज कुठं जेवायचं?” शिरेत भुलीचं औषध सोडताना आमचे डॉक्टर पेशंटला विचारायचे.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या हॉस्पिटलात मी त्यांच्या हाताखाली नर्स होते. भूल घेताना कसं वाटतं, तुम्ही घेतली असेल तर ठाऊक असेल. डॉक्टर घाबरलेल्या माणसाला अमेरिकेत फिरवून आणायचे. “शिकागो. पिल्सन या मेक्सिकन वस्तीत उतरलो. भिंतीभिंतीवर चित्रं. कोपऱ्यावरच्या दुकानात मटण रटरटतंय, मक्याच्या टॉर्टिया गरम आहेत...” तोवर पेशंट झोपलेला. एक म्हातारा बसड्रायव्हर शुद्धीवर येताच कुरकुरला, “अहो, वाढलंच नाहीत!”

ही शहरं ऐकीव नव्हती. दर ऑक्टोबरात ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एखाद्या शहरात जात, एकाच वस्तीत मुक्काम टाकत. वहिनी मालवणच्या. “स्थळं तुम्ही बघा, मी बाजार बघते,” म्हणायच्या. परतल्या की मला फोन: “अगं, न्यू ऑर्लिन्सला कोळंबीच्या रश्श्यात भेंडी घालतात! आणि चांगली लागते, मेली!”

गेल्या ऑक्टोबरात बाल्टिमोरला गेले. तिथं खेकडे लाकडी हातोडीनं फोडून खातात, म्हणून वहिनींचा हट्ट. जेवून परतताना एका घराच्या संगमरवरी पायरीवर त्या दम खायला बसल्या, त्या उठल्याच नाहीत. आम्हाला एवढंच कळलं, तेही त्यांच्या मुलीकडून.

रजा संपताच डॉक्टर कामावर आले. आवाज तोच, हात तसेच स्थिर. पेशंटला म्हणाले, “दहापासून उलटं मोजा.” त्यानंतर रोज तेच.

कॅन्टीनमध्ये ते चीज सँडविच खात बसत.

“बरं आहे का?” मी एकदा विचारलं.

“खाता येतं.”

मी माझा चहा संपवला. माझ्याही आत काही हलत नव्हतं. फोनमध्ये वहिनींचा नंबर दिसला की बोट आपोआप पुढच्या नावावर सरकायचं.

डॉक्टर निवृत्त व्हायच्या आठवड्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. भूल द्यायला तेच. छतावरच्या दिव्याकडं बघत मी मराठीत म्हटलं, “डॉक्टर, मला नाही कुठं नेणार?”

त्यांनी सिरिंज जोडली. मग हाताला औषधाचा गारवा जाणवला.

“बाल्टिमोर,” ते म्हणाले. “ऊन छान पडलं होतं. ती मला म्हणाली...”

मी तेवढंच ऐकलं.

डोळे उघडले तेव्हा आमची इंग्लिश सिस्टर उशाशी होती. “तू झोपलीस तरी ते तुझ्याशी बोलतच होते,” ती म्हणाली. “हात आपलं काम करत होते, तोंड थांबत नव्हतं. सर्जन दारापर्यंत आले आणि तसेच उभे राहिले.”

“काय सांगत होते?”

“तुमच्या भाषेत होतं गं. आम्हाला काय कळणार?”

मी कामावर परतले तेव्हा डॉक्टर मुलीकडं राहायला गेले होते. त्यांचा लॉकर दुसऱ्या कुणाला दिला होता.