संज्या कुठं बोलतो?

कॉलेज सोडल्याचा एक फायदा : सगळे तुमच्यासमोर बिनधास्त वागतात. किस्से आपोआप साचतात. माझ्याकडचे बहुतेक माझ्या आदिलाबादच्या रूममेटचे, संज्याचे. तीन विषय उडाले तेव्हापासून तो घरचा फोन उचलेना, माझ्याशीही बोलेना. दिवसभर मोबाईलवर बंदुकांचा गेम!

*

त्याच्या, म्हणजे मी सोडलेल्याच कॉलेजात 'मोबाईल आणि मन' यावर भाषण होतं. मी फुकटच्या सामोशासाठी घुसलो. पाहुणे दीड तास स्क्रीनचे तोटे सांगत होते, भल्यामोठ्या स्क्रीनवर! पहिल्या रांगेत सर लोक मान खाली घालून मोबाईलवर पत्ते खेळत होते.

*

मग फॉर्म आला. 'तुम्हाला एकटं वाटतं का?' आणि खाली पालकांची सही! अख्ख्या वर्गाने 'नाही' लिहिलं. सर खूश, "आपल्याकडे प्रॉब्लेमच नाही!"

मी विचारलं, "सर, बापाची सही काऊन?"

"तू आता आमचा स्टुडंट नाहीस!"

*

पण खोलीत मुका असलेला हा पोट्टा हेडफोन लावला की धबाधबा बोलायचा. "डावीकडून ये बे! भिऊ नको, मी आहो ना!" कोणाला? निर्मल गावच्या कुठल्यातरी अनोळखी पोराला!

"त्याच्याशी बोलतो, माझ्याशी काऊन नाही बे?"

"तो मार्क विचारत नाही."

"मी कुठं विचारतो?"

"तू 'बरा आहेस ना' विचारतो. ते त्याहून बेकार."

*

संज्याचे बाबा नेरडीगोंड्याला वांगी-टमाटे पिकवतात. एकदा त्यांचा मला फोन आला. "त्याचा मामा म्हणते, मोबाईल हिसकून घे. पण तू सांग, तो त्या गेममध्ये बोलते का?"

"लय बोलतो, काका."

"मग मले तिथं ने."

दोन दुपारी मी त्यांना फोनवरून गेम शिकवला. तिसऱ्या दिवशी संज्याला न सांगता टीममध्ये घेतलं. हेडफोनमध्ये आवाज आला, "मी होय, तुझा बाप."

संज्याचा अंगठा 'एक्झिट'वर गेला. पण बाहेर पडला नाही. म्हणाला, "बाबा, भिंतीमागं बसा."

पाचव्या मिनिटाला संज्यालाच गोळी लागली. तो मैदानात रांगायला लागला. अशा वेळी साथीदाराने जवळ बसून एक बटन दाबलं तर पडलेला उठतो. पण तेवढ्यात दोघंही मरतात, म्हणून शहाणे पळतात. मी आणि निर्मलवाला पळालो.

काका भिंतीमागून निघाले आणि त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले.

"बाबा, पळा! मी मेलो समजा!"

"काऊन समजू? बटन कोणतं ते सांग, उचलतो तुले."